टाळूची शिवण

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेला आपण टाळू म्हणतो आणि तोंडाच्या छतालाही टाळूच म्हणतो. पहिली कधी भरते यावर घरातल्या आजीचे लक्ष असते. तेल घालताना ती रोज चाचपून बघते. दुसरीच्या मधोमधही एक शिवण असते आणि वयाबरोबर तीही घट्ट होत जाते, हे मात्र आमच्या मानवतच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. मी दंतवैद्य नव्हे. भाचीच्या अरुंद जबड्यापायी या वाचनात ओढला गेलो.

तोंड मिटले की तिच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत. नवव्या वर्षी दाखवले, तेव्हा "सगळे दात येऊ द्या, मग बघू" असे उत्तर मिळाले. आम्ही ते ऐकले.

वरचा जबडा म्हणजे त्या शिवणीने जोडलेली दोन हाडे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांनी एका किशोरवयीन मुलीच्या वरच्या दातांमध्ये स्क्रू बसवला आणि तो फिरवायची किल्ली तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत पुढच्या दातांत फट पडली. हाडेच विलग झाली, असा त्यांचा निष्कर्ष. समव्यावसायिकांना तो पटला नाही. आणि पुरावा तरी कुठून आणणार, क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा! पुढे १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. त्यांच्या साधनात टाळूला टेकणारे ॲक्रिलिक होते, त्याखाली अन्न अडके. १९६८ मध्ये बिडरमन यांनी ते काढून नुसती तार आणि स्क्रू ठेवला. तोच आजचा 'हायरॅक्स'.

त्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला की साधारण पाव मिलिमीटर उघडतो. किल्ली घरी आई फिरवते. लेकराने गिळू नये म्हणून तिला दोरा बांधलेला असतो. समोरच्या दातांत फट पडली की घरचे घाबरतात, पण ती साधन लागू पडल्याची खूण. पुढे दात आपसूक जवळ येतात. खरी कसोटी नंतरची. फिरवणे थांबले तरी साधन काही महिने तोंडातच ठेवावे लागते. उघडलेल्या जागेत हाड भरायला तेवढा वेळ लागतोच.

क्वाड हेलिक्सला किल्ली नसते. चार वेटोळ्यांची ती तार डॉक्टर ताणून बसवतात आणि ती सावकाश दाब देत राहते. काढघाल करायची प्लेटही स्क्रूचीच, पण पोर ती दप्तरात टाकून खेळायला जाते. आठ ते दहा वर्षांच्या मुलांत उलट्या बसणाऱ्या दाढा सुधारायला प्लेटपेक्षा क्वाड हेलिक्स बहुधा सरस, असे २०१४ चा कॉक्रेन आढावा सांगतो. अर्थात पुरावा फार भक्कम नाही, हेही तोच सांगतो.

ही तिन्ही साधने दातांना धरून जोर लावतात. शिवण घट्ट झाली की त्या जोराने हाडाऐवजी दातच बाहेर कलतात. भाचीला पुन्हा नेले तेव्हा ती सतराची होती. स्कॅन पाहून डॉक्टरांनी टाळूच्या हाडातच चार बारीक स्क्रू रोवून त्यांवर साधन बसवले. शिवण उघडली, म्हणून शस्त्रक्रिया टळली. पण आठवडाभर ती वरणात कुस्करलेल्या भातावर होती. तिच्या धाकट्या भावाचाही जबडा तसाच. त्याला नवव्या वर्षीच क्वाड हेलिक्स बसवली. तिसऱ्या दिवशी तो भाकरी खात होता.

आता घरात कुणाचे दुधाचे दात पडू लागले, की आमची आई बॅटरी घेऊन तोंडात बघते.