घाटघर : साठवणुकीच्या विजेचा मागोवा

अहिल्यानगर जिल्ह्यात धरणाचा विचार प्रामुख्याने सिंचनाच्या अंगाने झाला. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने खालच्या पट्ट्यात ऊस रुजवला. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातील घाटघर येथे, २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या २५० मेगावॉटच्या उदंचन केंद्राने मात्र पाण्याकडे वीज साठवण्याचे काम सोपवले.

उदंचन म्हणजे खालचे पाणी उपसून पुन्हा वर चढवणे. घाटघरच्या जलाशयातील पाणी सह्याद्रीचा कडा उतरून सुमारे ४०० मीटर खाली, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात असलेल्या भूमिगत वीजगृहात येते, तेथे १२५ मेगावॉटचे दोन संच फिरवते आणि खालच्या जलाशयात साठते. मागणी उतरली की तेच संच उलट दिशेने फिरून पंपाचे काम करतात. एवढ्या उंचीवरून उतरणारे एक घनमीटर पाणी साधारण एक युनिट वीज देते, त्यामुळे पूर्ण क्षमतेने तासभर निर्मिती करायची तर सुमारे अडीच लाख घनमीटर पाणी लागते. गोदावरी खोऱ्यातील पाणी असे कोकणात उतरते आणि पुन्हा घाटमाथ्यावर परतते.

जपानच्या कर्जसाहाय्याने राज्याच्या जलसंपदा विभागाने उभारलेल्या या प्रकल्पातील धरणांसाठी, कोरडसर काँक्रीटचे थर रोलरने दाबून बसवण्याचे तंत्र भारतात प्रथम वापरले गेले. कोळशावरील संच रात्री झटपट मंदावता येत नाहीत आणि संध्याकाळी मागणी एकाएकी चढते, ही त्या काळची अडचण होती. रात्रीची शिल्लक वीज संध्याकाळकडे वळवणे हा तिच्यावरचा उपाय होता.

पुढे शिल्लक विजेची वेळच बदलू लागली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या पथदर्शी प्रकल्पासाठी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली, आणि राज्यात सौरनिर्मिती जसजशी वाढत गेली तसतशी दुपारची वीज साठवण्याची गरज ठळक होत गेली. अशा केंद्रांत पाणी चढवण्यासाठी खर्ची पडलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश वीजच परत मिळते, त्यामुळे निव्वळ युनिटांच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा दिसतो. परंतु सूर्य मावळल्यावर काही मिनिटांत मिळणाऱ्या विजेचे मोल दुपारच्या विजेहून अधिक असल्याने, मूळ रात्रीसाठी आखलेली ही रचना सौरयुगातही तितकीच उपयोगी ठरते.