दगडाला भोक पाडायचंय? आधी ड्रिलचा हॅमर बंद करा

व्हिडिओत टेबलावरचं दगडी कारंजं दाखवलं आणि तुमचा प्रश्न आला, "दादा, दगड फुटत कसा नाही?" फुटतो ना. पहिल्या ऑर्डरला माझे सहापैकी चार दगड गेले. त्यातला एक तर भोक आरपार व्हायच्या अगदी बेतात असताना. त्या ऑर्डरीत कमावलं काहीच नाही, पण शिकलो.

आपला मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, २०० फूट उंच. थंड होताना आकसून तडकला, म्हणून त्याचे असे उभे खांब झाले. म्हणजे आपण हात लावायच्या आधीच दगडात तडा असू शकतो. दगड ओला करून पुसा. वाळताना एखादी रेघ ओलसर राहिली, तर तो दगड बाजूला ठेवा. हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. (दगड विकत घ्या हं. टेकडीवरून किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून उचलायचा नाही.)

आता मशीन. हॅमर बंद, काँक्रीटचं बिट नको. पोकळ डायमंड बिट घ्या. ते ठोकत नाही, घासत जातं. सुरुवातीला बिट घसरतं, म्हणून भोक पाडलेला प्लायचा तुकडा वर धरून बसवा. बिट जितकं मोठं, तितका स्पीड कमी. दाबू नका, ड्रिलचं वजन पुरे.

पाणी सतत हवं. कोरडं चालवलं तर भोकाची कड तापून फुगते, बाकीचा दगड थंडच राहतो आणि तिथेच तडा जातो. बिटही जळतं. बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र करून धार सोडा, आणि मधेमधे बिट वर उचला म्हणजे चिखल निघतो. पाणी ड्रिलवर जाऊ देऊ नका. लाइनला आरसीसीबी आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

सगळ्यात जास्त दगड शेवटी फुटतात. बिट बाहेर पडताना खालची खपली उडते. म्हणून अर्धं भोक एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. तसं जमत नसेल तर खाली लाकडी फळी घट्ट लावा. वेडावाकडा दगड ओल्या वाळूत रुतवा, डुगडुगता कामा नये.

फूट हिशोबात धरा. समजा दगड ₹६०, बिटची झीज ₹२०. १० दगडांचे झाले ₹८००. दोन फुटले, तर उरलेला प्रत्येक दगड ₹१०० ला पडला, ₹८० ला नाही. मजुरी अजून वेगळीच.

ग्राहक स्वतःचा दगड घेऊन आला, तर फुटल्यास नुकसान कोणाचं हे आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. एका काकूंनी गावच्या जात्याचा वरचा दगड आणला होता, कारंज्यासाठी. मी ड्रिल काढलंच नाही. धान्य टाकायचं तोंड पाथरवटाने कधीच पाडून ठेवलं होतं, पाइप त्यातूनच घातला.