लेक सोशल मीडियाच्या संस्थेत ‘इंटर्न’ आहे, म्हणजे नेमकं काय करते?



पनवेल परिसरातल्या आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आता कॉलेजात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या अभ्यासातच प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलंय, त्यामुळे ‘इंटर्नशिप’ हा शब्द घराघरात पोचलाय. पोरगी बँकेत किंवा दवाखान्यात शिकायला गेली तर आपल्याला कळतं, ती काय करते. पण ती म्हणाली, “आई, सोशल मीडियात सुधारणा व्हावी म्हणून काम करणारी एक संस्था आहे, तिथे जातेय,” तर आपण गोंधळतो. आपण दिवसभर फोन ठेव म्हणून ओरडायचं आणि हिने फोनचंच काम करायचं? पगार किती? चांगली माणसं आहेत ना तिथे? या लेखात हे नीट समजून घेऊ.

जनवकिली म्हणजे काय

अशा संस्था जे काम करतात त्याला ‘अ‍ॅडव्होकसी’ म्हणतात. मराठीत जनवकिली म्हणा किंवा साधं पाठपुरावा म्हणा. हे काम आपल्याला नवीन नाही. दारूबंदीसाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान महाराष्ट्रातल्या किती गावांत झालं ते आठवा. बायकांनी एकेका नवऱ्याला समजावून पाहिलंच होतं, त्याने भागलं नाही. मग त्यांनी सह्या गोळा केल्या, मतदान मागितलं आणि दुकानच बंद करून घेतलं. माणसाला बोल लावत बसण्यापेक्षा नियम बदलून घेणं, हीच जनवकिली.

फोनचंही तसंच आहे. एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते, रात्री बाराला सूचना वाजते, अनोळखी माणूस मुलीला थेट मेसेज पाठवू शकतो. हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. आपण जितका वेळ बघू तितक्या जाहिराती दिसतात आणि कंपनीची कमाई वाढते. म्हणून घरात पोराला ओरडण्याइतकंच कंपनीला आणि सरकारला जाब विचारणंही गरजेचं आहे. ते काम या संस्था करतात.

नियम बदलला की काय होतं

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षुकीसाठी फिरणारी गरीब माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. देशात इतर ठिकाणीही अशीच माणसं मारली गेली. चहूबाजूंनी टीका झाली, केंद्र सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं दिसू लागलं. २०२० पासून तर खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

आज तुम्ही एखादा मेसेज पुढे पाठवताना फोन अडवतो ना, त्यामागे ही गोष्ट आहे. अफवा त्याने संपल्या नाहीत, पण त्यांचा वेग कमी करता येतो आणि कंपनीला तो कमी करायला लावता येतं, हे सिद्ध झालं. वाईट एवढंच वाटतं की त्यासाठी माणसं जावी लागली. कुणाचा जीव जाण्याआधीच धोका दाखवून द्यायचा, हे जनवकिलीचं खरं काम.

नियम चुकीचाही असू शकतो

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना पोलिसांनी अटक केली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एकीने फेसबुकवर मत लिहिलं होतं आणि दुसरीने ते ‘लाइक’ केलं होतं. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘६६ अ’ नावाचं कलम होतं. त्याची भाषा इतकी सैल होती की कुणाला राग आला एवढ्यावरूनही गुन्हा दाखल होई. श्रेया सिंघल या दिल्लीच्या विशीतल्या तरुणीने या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कडक कायदा म्हणजे चांगला कायदा असं नसतं. सैल लिहिलेल्या कायद्याचा फटका पहिल्यांदा आपल्यासारख्यांच्या मुलींना बसतो. दुसरी, विशीतली पोरगीही असा कायदा बदलायला कारण ठरू शकते.

मग इंटर्न दिवसभर काय करते

खरं सांगायचं तर बरंचसं काम वाचनाचं आणि लिखाणाचं असतं.

मुलांच्या माहितीच्या संरक्षणाचंच उदाहरण बघा. २०२३ मध्ये केंद्राने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची खात्रीशीर संमती हवी असं म्हटलंय. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये निघाला, लोकांकडून सूचना मागवल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. असा मसुदा निघाला की तो वाचून सोप्या मराठीत मांडणं, लोकांचे अनुभव गोळा करणं आणि सरकारला सूचना लिहून पाठवणं, यात इंटर्नचे हात लागतात. आईच्या नावाचा फोन मुलगाच चालवतो, ओटीपीही तोच बघतो, मग संमती कुणाची धरायची? हा प्रश्न आपल्या घरातून गेलेल्या पोरीला जितका पटकन सुचेल तितका दिल्लीत बसलेल्या माणसाला सुचणार नाही.

याशिवाय अ‍ॅपमध्ये तक्रारीचं बटण मराठीत सापडतं का ते तपासणं, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणं, शाळेत मुलांशी बोलणं, आमदार-खासदारांना निवेदन तयार करणं ही कामं असतात. दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, मुंबईची पॉइंट ऑफ व्ह्यू आणि रती फाउंडेशन या या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था. पनवेलहून हार्बरची लोकल मुंबईला जाते, आणि असं पुष्कळ काम घरूनही होतं.

आईने विचारायचे प्रश्न

परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी एवढं विचारा.

१. संस्था नोंदणीकृत आहे का? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची नोंदणी मागा. खरी संस्था ती आनंदाने देते.

२. पैसे कोण कुणाला देणार? काही ठिकाणी विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी फक्त प्रवासखर्च, काही ठिकाणी तेही नाही. पण नोंदणी फी, ‘सिक्युरिटी’, ‘किट’चे पैसे मागितले तर तिथेच थांबा. व्हिडिओ लाइक करायचं घरबसल्या काम देतो म्हणून फसवणारेही फिरतायत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

३. काम, वेळ आणि कालावधी लिहून दिलाय का? शेवटी प्रमाणपत्र मिळणार का?

४. अंतर्गत समिती आहे का? कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

५. त्रास झालेल्या बायका-मुलींच्या तक्रारी हाताळायच्या असतील तर सोबत अनुभवी माणूस कोण आहे? अशा गोष्टी ऐकून पोरगी स्वतः हादरू शकते. तिला एकटीला त्यात सोडणारी संस्था नको.

आपल्या गटाकडून काय जाईल

संस्थेकडे कायदा जाणणारी माणसं असतात. गावात काय घडतं, हे मात्र आपल्याकडेच असतं. मुलीचा फोटो कुणी वाईट पद्धतीने टाकला तर आपण काय करतो? इज्जतीच्या भीतीने गप्प बसतो आणि तिचा फोन काढून घेतो. शिक्षा तिलाच. वास्तविक २०२१ च्या नियमांत कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक झालं आणि असा खासगी फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याची मुदत घातली गेली. हे किती जणींना माहीत आहे? तक्रारच गेली नाही तर नियम चालतो की नाही, हे कुणाला कळणार?

एक खबरदारी मात्र पाळा. पुरावा म्हणून तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका. लहान मुलाचा असेल तर पाठवणं हाच गुन्हा ठरतो. लिंक, तारीख आणि खात्याचं नाव लिहून ठेवा आणि cybercrime.gov.in वर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवा.

गावाने स्वतः नियम केल्याचंही उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा. नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून त्याची चर्चा देशभर झाली.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय अर्धा तास घ्या. फोनमुळे कुणाला काय त्रास झाला, तक्रार केली का, उत्तर काय आलं, हे नावं न लिहिता इतिवृत्तात नोंदवा आणि ग्रामसंघाकडे पाठवा. गटातल्या कुणाची लेक अशा संस्थेत शिकत असेल तर तिलाच बैठकीला बोलवा. तिच्या कॉलेजच्या अहवालाला खरी माहिती मिळेल, आणि आपलं म्हणणं जिथे नियम लिहिले जातात तिथवर जाईल.