लोखंडाची साक्ष, घासणाऱ्याच्या हाती

वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले, की सेवाग्राम, पवनार आणि चरखा आठवतो. लोखंडाशी असलेले या भूमीचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे, याची आठवण मात्र क्वचितच होते. जिल्ह्यातील खैरवाडा येथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळांचा मोठा समूह आहे. एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद झाली होती. विदर्भातील अशा शिलावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे साज सापडले आहेत. याच जिल्ह्यात भुगावला १९९०च्या दशकात पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. दोन्हींमध्ये अडीच हजार वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हीकडच्या लोखंडाला विचारण्याचा प्रश्न एकच आहे. याच्या पोटात काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ रासायनिक पृथक्करणाने मिळत नाही. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची पट्टी लालबुंद तापवून सावकाश थंड होऊ दिली, तर ती करवतीने सहज कापता येते. तीच पट्टी तापवून एकदम पाण्यात बुडवली, तर ती काचेसारखी कठीण आणि ठिसूळ होते. पृथक्करणाचे आकडे दोन्ही वेळा एकच येतील. गावचा लोहार विळ्याला किंवा वखराच्या पासेला ‘पाणी पाजतो’, तेव्हा तो लोखंडातील द्रव्ये बदलत नसतो, त्यांची अंतर्गत मांडणी बदलत असतो. ही मांडणी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी नमुना तयार करावा लागतो. धातुपरीक्षेचे खरे यशापयश या तयारीतच ठरते.

शेफील्डमधील आरंभ

इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादनगरीत राहणारे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हे मूळचे खडकांचे अभ्यासक. खडकाची इतकी पातळ चकती घासायची, की तिच्यातून प्रकाश आरपार जावा, हे तंत्र त्यांनी रूढ केले होते. धातूतून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून त्यांनी धातूचा पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर सौम्य अम्ल लावले आणि परावर्तित प्रकाशात तो न्याहाळला. १८६३ साली पोलादाची अंतर्रचना अशा रीतीने त्यांना दिसली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती विद्वत्सभेपुढे मांडली. शिंपल्याच्या आतील बाजूसारखी झळकणारी जी रचना त्यांनी पाहिली, तिलाच आज ‘पर्लाइट’ म्हणतात. साधने बदलली, यंत्रे आली, परंतु कापणे, घासणे, चकाकी आणणे आणि अम्लाचा स्पर्श देणे हा क्रम आजही तोच आहे.

कापण्यापासूनच सावधगिरी

पहिला प्रश्न असतो तो तुकडा कोठून आणि कोणत्या दिशेने कापायचा हा. घणाखाली ठोकून लांबवलेल्या लोखंडातील मळीचे कण लांबीच्या दिशेने धाग्यासारखे ताणलेले असतात. आडवा छेद घेतला तर हेच धागे केवळ ठिपक्यांसारखे दिसतात. कुऱ्हाडीच्या धारेचा आणि तिच्या मधल्या भागाचा नमुना एकच गोष्ट सांगेल असे नाही. त्यामुळे नमुना कोठून घेतला याची नोंद नसेल, तर पुढील सारे श्रम अर्थहीन ठरतात.

दुसरा धोका उष्णतेचा. पोलाद अपघर्षक चाकाने कापताना पाण्याचा मारा कमी पडला, तर कडेचा भाग क्षणार्धात तापतो. त्यावर निळसर झाक दिसली, की तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असे समजावे. पाणी पाजून कठीण केलेले पोलाद एवढ्या उष्णतेने मऊ पडू लागते. म्हणजे परीक्षकाने जे तपासायचे, तेच त्याने कापता कापता बदलून टाकलेले असते.

कापलेला तुकडा लहान असतो आणि हातात धरून सपाट घासता येत नाही. म्हणून तो बेकेलाइटच्या भुकटीत ठेवून उष्णतेने व दाबाने त्याची सुपारीहून थोडी मोठी वडी बनवतात. यासाठी सुमारे १५० ते १८० अंश तापमान लागते. ज्या नमुन्याला एवढीही उष्णता सोसवणार नाही, किंवा जो सच्छिद्र आणि गंजलेला आहे, तो थंड अवस्थेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सी राळेत बसवतात. भोवतालची हवा काढून घेतली, तर राळ बारीक छिद्रांत शिरते आणि ठिसूळ गंज जागच्या जागी धरून ठेवते. वडीत बसवण्याचा आणखी एक लाभ असा, की नमुन्याची कड घासताना गोलावत नाही. दंतचक्राच्या दातावरील कठीण थर कधी मिलिमीटरभरच असतो. कड गोलावली, तर त्या थराची खोली चुकीची मोजली जाते.

ओरखड्यांची उतरंड

यानंतर घासणे. सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर, पाणी सोडत, क्रमाक्रमाने बारीक होत जायचे: २२० किंवा २४० क्रमांकापासून ३२०, ४००, ६०० आणि पुढे १२००पर्यंत. प्रत्येक कागदावर नमुना आधीच्या दिशेशी काटकोनात फिरवतात. नवे ओरखडे आडवे पडतात आणि जुने उभे ओरखडे पूर्ण गेले की नाही, हे लगेच कळते. पण डोळ्यांना ओरखडे दिसेनासे झाले एवढ्याने भागत नाही. प्रत्येक ओरखड्याच्या खाली धातू थोडा दबलेला, विस्कटलेला असतो. हा विस्कटलेला थरही निघून जाईपर्यंत घासावे लागते. दोन कागदांच्या मध्ये नमुना आणि हात दोन्ही धुवायचे असतात. जाड कागदाचा एखादा कण पुढच्या कागदावर गेला, तर सर्व काम पुन्हा आरंभापासून करावे लागते.

मग फिरत्या चाकावरील मऊ कापडावर हिऱ्याची पेस्ट लावून चकाकी आणतात. हिऱ्याचे कण आधी ६, मग ३ आणि शेवटी १ मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही वेळा शेवटचा हात ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिना भुकटीने दिला जातो. या टप्प्यावर मोह होतो तो अधिक दाबण्याचा आणि अधिक वेळ चाकावर धरण्याचा. तसे केले, तर मऊ भाग खोल जातात, कठीण भाग उंचावतात आणि मळीच्या कणामागे धूमकेतूसारखी शेपूट उमटते.

आरशासारखा झालेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आधी तसाच, अम्ल न लावता पाहायचा असतो. मळी, भेगा, छिद्रे आणि बीड म्हणजे ओतीव लोखंडातील ग्रॅफाइटच्या पाकळ्या याच वेळी स्पष्ट दिसतात. त्यानंतर नायटलचा स्पर्श. अल्कोहोलमध्ये सुमारे २ टक्के नत्राम्ल मिसळून केलेले हे द्रावण साध्या पोलादाला काही सेकंद पुरते. चकाकी किंचित मंदावली, की नमुना पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन गरम हवेने वाळवतात. अम्ल कणांच्या सीमा अधिक कोरते आणि एरवी सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर फेराइटचे पांढरे कण, पर्लाइटचे पट्टे किंवा मार्टेन्साइटच्या सुया उमटतात. वेळ कमी पडला तर काहीच दिसत नाही, जास्त झाला तर सारे काळवंडते. नायटल हाताळताना डोळ्यांवर चष्मा आणि हवा खेळती हवी. अम्ल अल्कोहोलमध्ये थोडे थोडे मिसळावे आणि तीव्र मिश्रण बंद बाटलीत साठवू नये, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो.

नमुना खोटे बोलतो तेव्हा

सूक्ष्मदर्शक धातू दाखवत नाही, आपण तयार केलेला पृष्ठभाग दाखवतो. हा भेद विसरला, की चुकीच्या तयारीतून चुकीचा निवाडा जन्मतो. घाईने घासलेल्या बिडात ग्रॅफाइट निखळून पडते आणि त्या जागी मोठे खड्डे दिसतात, किंवा मऊ धातू त्यावर पसरून ग्रॅफाइट झाकले जाते. पहिल्या बाबतीत ओतकामात छिद्रे असल्याचा शेरा बसतो, दुसऱ्या बाबतीत ग्रॅफाइट कमी असल्याचा. तुटलेल्या शाफ्टचा नमुना कोरडा कापला आणि तापून मऊ झाला, तर दोष उष्णतोपचार करणाऱ्या लघुउद्योजकाच्या माथी येतो. एखाद्या लहान कारखानदाराचा पूर्ण माल अशा एका अहवालावर परत जाऊ शकतो. तुटण्याचे खरे कारण निराळे असेल, तर ते तसेच राहते आणि पुढचा शाफ्टही तुटतो.

कारखान्यात निदान दुसरा तुकडा तरी मिळतो. पुरातन लोखंडाच्या बाबतीत तीही सोय नसते. दफनात मिळालेल्या कुऱ्हाडीचा बहुतेक भाग गंजून गेलेला असतो आणि शिल्लक धातू गाभ्यात दडलेला असतो. वस्तूचे रूप न बिघडवता त्यातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा असतो. तो बहुधा एकदाच काढता येतो.

या एवढ्याशा तुकड्यांनी विदर्भाचा इतिहास बराच उलगडला आहे. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळातील उत्खननात तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. या दोन्ही स्थळांच्या लोखंडी वस्तूंचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास जंग-सिक पार्क आणि वसंत शिंदे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. येथील कारागीर लोखंड वितळवत नसत. कोळशाच्या भट्टीत खनिजापासून लोखंडाचा सच्छिद्र गोळा तयार होई, तो ठोकून त्यातील मळी ते बाहेर काढत आणि त्यात कार्बन मुरवून पोलाद बनवत, असे त्या अभ्यासातून पुढे आले.

हा निष्कर्ष कशावर उभा आहे, ते पाहावे. ठोकलेल्या लोखंडाची खूण म्हणजे मळीचे ताणलेले धागे आणि घासताना ते निखळले तर खूण गेली. कार्बन मुरवल्याची खूण म्हणजे पृष्ठभागाजवळ दाट आणि आत विरळ होत जाणारे पर्लाइट. नेमका हाच पृष्ठभागाजवळचा भाग गंजाने खाल्लेला असतो आणि घासताना तोच प्रथम ढासळतो. म्हणून येथे राळ निर्वात अवस्थेत भरायची, हलक्या हाताने घासायचे, धुतल्यावर क्षणभरही ओले ठेवायचे नाही आणि काम झाल्यावर वडी फेकून न देता कोरड्या डबीत क्रमांकासह जपायची. दुसऱ्या अभ्यासकाला शंका आली, तर तोच नमुना पुन्हा चकाकी देऊन तपासता येतो. संग्रहालयातील वस्तूवर दुसऱ्यांदा करवत चालवावी लागत नाही.

नमुने कसे तयार करावेत, याची संहिता भारतीय मानक ब्युरोने आयएस ७७३९ या क्रमांकाने घालून दिली आहे. तरीही अनेक ठिकाणी हे काम ‘पॉलिश मारणे’ म्हणून सर्वांत नवख्या मदतनिसाकडे सोपवले जाते आणि सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्याचीच सही अहवालावर उमटते. धातुपरीक्षेचा अहवाल हाती आला, मग तो तुटलेल्या यंत्रभागाचा असो की उत्खननातील खंजिराचा, तर वाचणाऱ्याने तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. नमुना कोठून व कोणत्या दिशेने घेतला? कापताना तो तापला नाही, याची काळजी कशी घेतली? आणि अम्ल लावण्यापूर्वीचे छायाचित्र आहे काय? या तिन्हींची उत्तरे नोंदवहीत सापडली, तर अहवालावर विसंबायला हरकत नाही. न सापडल्यास नमुना नव्याने तयार करून मागण्याचा अधिकार वाचणाऱ्याला आहे.