इंद्रायणी नदीवरील फेस

इंद्रायणी नदीवरील फेस म्हणजे पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे नदीपात्रात वारंवार साचणारा पांढरा, साबणासारखा फेस होय. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि देहू, आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहत तुळापूर येथे भीमा नदीस मिळते. आळंदीच्या वरच्या बाजूस नदीच्या दक्षिणेला पिंपरी-चिंचवड शहर, तर उत्तरेला चाकण परिसर आहे.

निर्मिती

शुद्ध पाण्यात उठलेले बुडबुडे लगेच फुटतात. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते व दुसरे पाण्यापासून दूर राहते. असे रेणू बुडबुड्याच्या पातळ पडद्यावर जमून पाण्याचा पृष्ठताण कमी करतात व बुडबुडा टिकवतात. संथ प्रवाहात ही द्रव्ये दिसत नाहीत. बंधाऱ्यावरून पाणी कोसळून त्यात हवा मिसळली की फेस उठतो. त्यामुळे फेस दिसतो तेथेच सांडपाणी मिसळते असे नाही. नदीत प्रवाह कमी असताना द्रव्यांचे प्रमाण वाढते. पावसाळ्यातील पुराने ते विरळ होते.

स्रोत

अपमार्जके प्रामुख्याने घरगुती सांडपाण्यातून येतात. वाहनांचे सुटे भाग रंगवण्यापूर्वी धुण्यासाठीही ती वापरली जातात. कुजलेल्या पानांमुळे व शेवाळामुळे नद्यांवर नैसर्गिक फेसही येतो. तो सहसा तपकिरी असून त्यास मातीसारखा वास असतो.

परिणाम

अपमार्जके माशांच्या कल्ल्यांना अपाय करतात. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो, तर फॉस्फेटमुळे जलपर्णी फोफावते. आषाढी व कार्तिकी वारीच्या काळात आळंदीस येणारे वारकरी नदीत स्नान करतात व तीर्थ म्हणून पाणी प्राशन करतात. मैलामिश्रित पाण्यातून अतिसार, विषमज्वर व कावीळ पसरू शकते. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात. अपमार्जके व जड धातू मात्र त्यातच राहतात.

उपाययोजना

फेसावर पाणी फवारल्याने बुडबुडे फुटतात, पण द्रव्ये नदीतच राहतात. मैलाशुद्धीकरण केंद्रात हवेच्या पुरवठ्यावर वाढणारे जिवाणू आजच्या बहुतेक अपमार्जकांचे विघटन करतात. कारखान्यांतील सांडपाण्यावर स्वतंत्र रासायनिक प्रक्रिया आवश्यक असते. प्रदूषित सांडपाणी नदीत सोडण्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 अन्वये मनाई आहे. फेस नसणे हा पाणी शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी व जिवाणूंची संख्या तपासावी लागते.