आधी फोटो, मग हातोडा

न्यूयॉर्कमधलं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९१० मध्ये उभं राहिलं आणि २८ ऑक्टोबर १९६३ रोजी त्याच्यावर पहिला घण पडला. अमेरिकेतल्या जुन्या वास्तूंच्या जतनाची गोष्ट सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. पुढे १९६६ चा राष्ट्रीय वारसा कायदा आला आणि ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पण नोंदवहीत नाव आलं म्हणून इमारत वाचतेच असं नाही. खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने ती पाडायची ठरवली, तर हा कायदा त्याचा हात धरू शकत नाही. आजही नाही.

शिवाय करकायदा पाडणाऱ्याच्याच बाजूने होता. नव्या इमारतीवर घसारा भराभर मिळायचा आणि पाडकामाचा खर्च वजावटीत टाकता यायचा. म्हणजे सरकारचं एक खातं वास्तूची नोंद करत होतं आणि दुसरं तिच्या पाडकामाचा भार उचलत होतं. ४ ऑक्टोबर १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या करसुधारणा कायद्याने हे उलटं फिरवलं. ऐतिहासिक इमारत पाडल्याच्या खर्चाची वजावट बंद झाली आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च पाच वर्षांत वळता करण्याची मुभा मिळाली. या कलमाला २०२६ मध्ये पन्नास वर्षं होतात.

खरी उसळी आली ती १९८१ मध्ये. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होतं, पण क्रेडिट म्हणजे भरायच्या करातूनच डॉलरला डॉलर वजा. १९७८ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीखर्चावर १० टक्के क्रेडिट मिळालंच होतं. १९८१ च्या रेगनकालीन कायद्याने पायऱ्याच बांधल्या: तीस वर्षांवरच्या इमारतीला १५ टक्के, चाळीस वर्षांवरच्या इमारतीला २० आणि प्रमाणित ऐतिहासिक वास्तूला २५. कधी जुन्या विटेकडे वळून न पाहिलेले डॉक्टर-वकील गिरण्या, गोदामं आणि बंद शाळांच्या दुरुस्तीत पैसे घालू लागले. इतिहासावर प्रेम असण्याची अट कुठेच नव्हती. या योजनेचं शहाणपण मला तिथेच दिसतं.

अट होती ती अर्जाची. अर्जाचे तीन भाग. पहिल्यात इमारत ऐतिहासिक आहे हे दाखवायचं. ती स्वतंत्रपणे नोंदवहीत असेल तर हा भाग सहसा लागत नाही, पण ऐतिहासिक विभागात असेल तर त्या विभागाच्या महत्त्वात तिचाही वाटा आहे हे सिद्ध करावं लागतं. दुसऱ्या भागात काय काय करणार ते सांगायचं, तेही काम सुरू होण्याआधीच्या फोटोंसह. आधी हातोडा आणि मग अर्ज, असा क्रम लावणारा स्वतःच्या जोखमीवर काम करत असतो. तिसऱ्यात काम ठरल्याप्रमाणे झालं हे दाखवायचं. अर्ज आधी राज्याच्या वारसा कार्यालयात आणि तिथून केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातो. क्रेडिट मिळाल्यावर इमारत पाच वर्षांच्या आत विकली, तर त्याचा काही हिस्सा परत भरावा लागतो. आणि इमारत उत्पन्नाची हवी. आजोबांच्या जुन्या घरात राहून स्वतःच्या खर्चाने छप्पर शाकारणाऱ्याला या योजनेत एक छदामही नाही. हे मला नेहमीच खटकलं आहे.

कामाची कसोटी म्हणजे अमेरिकेच्या अंतर्गत (इंटिरियर) खात्याने घालून दिलेले दहा निकष. बदलण्यापेक्षा दुरुस्त करा. खोटं जुनेपण आणू नका. नवं जोडलंत तर ते जुन्याशी जुळणारं, पण वेगळं ओळखू येणारं असू द्या. वाचायला सोपे. भांडणं झाली ती खिडक्यांवरून. विकसकाला लाकडी चौकटी काढून स्वस्त, बिनदेखभालीच्या खिडक्या बसवायच्या असत, तर तपासनिसाला त्याच चौकटी दुरुस्त करून हव्या असत. १९८१ मध्ये पार्क सर्व्हिसने लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीवर वेगळी पुस्तिकाच काढली. दुसरा वाद गिलाव्याचा. गोदामाच्या उघड्या विटा फॅशनमध्ये होत्या, म्हणून लोक गिलावा खरवडून भिंती उघड्या करत. तपासनीस विचारायचे: या खोलीत वीट कधी दिसत होती का? नसेल, तर हा इतिहास नव्हे, सजावट आहे. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाने काळ्या दगडाच्या देवळांवर ऑइलपेंट चढतो, तेव्हा हा प्रश्न विचारणारं कोणी हवं होतं असं वाटतं.

मग १९८६ चा करकायदा आला. क्रेडिट २५ वरून २० टक्क्यांवर आलं, पण घाव बसला तो दुसऱ्याच कलमाने. स्वतः न राबता गुंतवणूक करणाऱ्यांवर मर्यादा आल्या आणि डॉक्टर-वकील निघून गेले. वर्षाला तीन हजारांच्या आसपास गेलेली प्रकल्पांची संख्या काही वर्षांत हजाराच्या खाली आली. इमारती तेवढ्याच जुन्या होत्या. बदलला होता फक्त कर.

डॉक्टर-वकिलांच्या जागी मोठ्या कंपन्या आल्या आणि त्यातून अटलांटिक सिटीचं प्रकरण उभं राहिलं. १९२९ चा बोर्डवॉक हॉल, मिस अमेरिका स्पर्धेचं एकेकाळचं घर. त्याच्या नूतनीकरणाला सुमारे नऊ कोटी डॉलर लागले. मालक सरकारी संस्था. ती कर भरतच नाही, मग तिला क्रेडिटचा काय उपयोग? म्हणून पिटनी बोव्ज कंपनी भागीदार म्हणून आत आली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ही भागीदारी खरी नाही असं ठरवलं: कंपनीला ना तोट्याची खरी भीती, ना नफ्याची खरी आशा. तर्क बिनतोड होता, पण गुंतवणूकदार बिचकले आणि बाजार गारठला. शेवटी कोणती भागीदारी चालेल, याचे नियम महसूल खात्याने २०१४ मध्ये लिहून दिले, तेव्हा गाडी पुन्हा हलली.

२०१७ मध्ये तर ही सवलत पूर्णच जाणार अशी वेळ आली होती. नव्या करकायद्याच्या प्रतिनिधीगृहातल्या मसुद्यात ती रद्द झाली होती. वाचली ती तडजोडीने: २० टक्के कायम, पण एकरकमी नव्हे, दरवर्षी चार टक्के याप्रमाणे पाच वर्षांत. महागाईत आणि व्याजात त्यातलं किती झिजतं, ते विकसकांना पाठ आहे. एवढं होऊनही १९७६ पासून पंचेचाळीस हजारांहून अधिक वास्तू या वाटेने उभ्या राहिल्या.

नोंदवहीत यायला साधारणपणे पन्नास वर्षांचं वय लागतं. म्हणजे १९७६ मध्ये जुनं पाडून जे काचेचे मनोरे उभारले जात होते, तेच आता अर्जाच्या रांगेत उभे राहू शकतात. त्यांच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या. लाकडी चौकटींच्या जागी ॲल्युमिनियम नको म्हणून ज्या कार्यालयाने इतके अर्ज परत पाठवले, तिथल्याच तपासनिसाला आता फोटोवर बोट ठेवून सांगावं लागेल, की ही ॲल्युमिनियमची चौकट मूळची आहे, ती काढू नका.