खुराड्याची गादी

कोजागरीची पौर्णिमा मागे पडून पहाटेच्या वाऱ्याला कोरडी धार येऊ लागली, की आमच्या निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदार जसा छाटणी आणि फवारणीच्या हिशेबात गुंततो, तसा मी परसातील खुराड्याच्या डागडुजीला लागतो, असा गेल्या अकरा वर्षांचा माझा शिरस्ता आहे. अठरा कोंबड्या आणि दोन कोंबडे, काही गावठी व काही गिरिराज जातीचे, एवढेच या खुराड्याचे रहिवासी. त्याची लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट आणि वर पत्र्याचे छप्पर. परंतु या साठ चौरस फुटांच्या जमिनीवर हिवाळ्यासाठी काय अंथरावे, आणि भिंतीची कोणती बाजू झाकून कोणती उघडी ठेवावी, हे मला नीट उमगण्यास दोन हिवाळे आणि पाच पक्ष्यांचे प्राण खर्ची पडले.

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला वृत्तपत्रांमुळे परिचित आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापक एखाद्या पहाटे ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि अशा रात्री घडाला तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार द्राक्षवेलींच्या ओळींतून शेकोट्या पेटवून बसतात. त्याच दिवशी दुपारी मात्र ऊन इतके स्वच्छ पडते, की अंगातील स्वेटर उतरवावा लागतो. दिवसरात्रीतील ही तफावतच खुराड्याच्या मालकाने आधी ध्यानात घ्यावी, असे माझे मत आहे. कारण दिवसा तापलेली हवा आपल्यात जी वाफ सामावून घेते, ती रात्री गारठलेल्या पत्र्याला भेटताच पाणी होऊन खाली ठिबकू लागते.

पहिल्या हिवाळ्यात मला याची जाणीव नव्हती. पक्ष्यांना थंडी बाधेल या धास्तीने मी खुराड्याच्या चारी बाजू गोणपाटाने मढविल्या, त्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून खिळे ठोकले, आणि जमिनीवर गव्हाच्या काडाचा गुडघाभर ढीग पसरून, आता हे जीव उबेत आहेत, अशा समाधानाने निजलो. पौष लागला तेव्हा दार उघडताच नाकात झोंबणारा भपका येऊ लागला, पक्ष्यांच्या डोळ्यांना पाणी सुटले, रात्री त्यांच्या गळ्यातील घरघर ओसरीपर्यंत ऐकू येऊ लागली, आणि आठ दिवसांत पाच कोंबड्या गेल्या. शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध बाई, जिच्या घरी तीन पिढ्या कोंबड्या नांदत आल्या होत्या, मला शोधत परसात आली, खुराड्यात डोकावली आणि म्हणाली, “अरे बाबा, एवढं गच्च बांधलं तर त्यांनी दम कुठून घ्यायचा? अंगावर पिसं आहेत ना त्यांच्या.” त्याच सायंकाळी मी प्लास्टिक उपटून काढले. खालचे काड उलथले तेव्हा वर कोरडा दिसणारा तो थर आत चटईसारखा दबून, काळा पडून, पाणी धरून बसला होता.

त्या बाईने जे एका वाक्यात सांगितले, त्याचा पडताळा पुढे हिशेबानेही आला. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, आणि पिसे फुलवून त्यांत हवा कोंडली की ती कोरड्या गारठ्याला सहज तोंड देते. परंतु पिसे दमट झाली की हे कवच निकामी होते. मोठी कोंबडी दिवसाकाठी शंभर ते दीडशे ग्रॅम शीट टाकते आणि तिचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. वीस पक्ष्यांची बेरीज दोन ते तीन किलो होते, आणि दिवसा ते परसात हिंडत असले तरी मार्गशीर्षातील रात्र तेरा तासांची असल्याने त्यातील मोठा वाटा खुराड्यातच पडतो. श्वासातून निघणारी वाफ निराळी. या ओलाव्यात शिटेतील घटक कुजून अमोनिया वायू सुटतो, तो जमिनीलगत बसलेल्या जिवाचे डोळे आणि श्वासनलिका जाळतो, आणि मग साध्या सर्दीचेही दुखणे होऊन बसते. म्हणून हिवाळ्याचा बंदोबस्त म्हणजे मुख्यतः ओलीचा बंदोबस्त, हे मी आता निश्चयाने सांगतो.

या कामी मला मार्गदर्शक ठरली ती आमच्याकडील कांदाचाळ. लासलगावच्या बाजारपेठेमुळे या मुलखात घरोघरी चाळी आहेत, आणि चाळीची सारी करामत एवढीच, की तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंच्या पट्ट्यांत फटी, आणि कांद्याच्या अंगातून निघालेल्या दमटपणाला बाहेर पडण्यास सदैव मुभा. खुराड्याला मी तोच न्याय लावला. त्याची लांबी पूर्वपश्चिम असल्याने उत्तर आणि दक्षिण या दोन लांब बाजूंना जाळी आहे. उत्तरेचा वारा बोचरा, म्हणून त्या बाजूस गोणपाटाचा पडदा, पण तो जमिनीपासून पक्ष्यांच्या बसण्याच्या उंचीच्या वरपर्यंतच, आणि त्याच्यावर छपराखाली फूटभर जाळी दोन्ही बाजूंनी रात्रंदिवस उघडी. वाऱ्याचा झोत अंगावर न येता डोक्यावरून जातो आणि जाताना वाफ घेऊन जातो. दक्षिणेचा पडदा सकाळी ऊन येताच गुंडाळला जातो. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर दोरीने आवळून टाकल्यापासून खालचे ठिबकणेही जवळजवळ थांबले.

आता अंथरुणाविषयी, ज्याला या व्यवसायात गादी म्हणतात. काड मी कायमचे वर्ज्य केले असे नाही. दोन इंचांचे तुकडे केले तर ते चालते, पण अखंड काड किंवा भाताचा पेंढा दबून त्याची चटई होते आणि तिच्याखाली हवा शिरत नाही. सुताराकडील करवतीचा भुसा पाणी उत्तम शोषतो, तरी त्याची पूड इतकी बारीक, की कोंबड्या उकरू लागल्या म्हणजे धुरळा उडतो, पिले ती दाणे समजून टिपतात, आणि एकदा भिजला की त्याचे ढेपूळ होते. रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या साली मात्र मला फार आवडतात. त्या मऊ, शोषक आणि भुरभुरीत राहणाऱ्या. त्या घेताना प्लायवुडच्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाच्या नाहीत, एवढी खात्री करावी. भुईमुगाची टरफले हलकी व टिकाऊ, पण पोत्यात थोडी ओल राहिली तरी त्यांना बुरशी धरते, आणि त्या बुरशीचे सूक्ष्म बीज पिलांच्या फुफ्फुसांत गेल्यास दाह होऊन ती दगावतात. कारखान्यातील उसाच्या चोथ्याचीही हीच कथा. कोणतेही अंथरूण घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधला माल वर काढावा आणि हुंगावा; कुबट वास आला तर फुकट मिळाले तरी आणू नये.

या सर्वांच्या तुलनेत मी भाताचे तूस पसंत केले. इगतपुरी तालुक्यात घोटीला भाताच्या गिरण्या आहेत, आणि दिवाळीनंतर नवे भात भरडले जाऊ लागले, की तेथे तूस हवे तेवढे मिळते. तुसाच्या अंगात वाळूचेच द्रव्य पुष्कळ असल्याने ते लवकर कुजत नाही. ते स्वतः पाणी फारसे पीत नाही, पण त्याचे पोकळ, नावेसारखे कण एकमेकांवर दाबून बसत नाहीत, त्यामुळे मधून हवा खेळते आणि दुपारच्या उन्हात ओल उडून जाते. आमच्या कोरड्या हिवाळ्याला हा गुण अधिक उपयोगी. शोषणाची उणीव भरून काढण्यासाठी मी तीन वाट्यांस एक वाटा रंध्याच्या साली मिसळतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात हे प्रमाण मी कदाचित उलटे ठेवले असते.

तूस आले की ते प्रथम खळ्यावर दोन दिवस कडक उन्हात पसरावयाचे. तोवर खुराडे पूर्ण रिकामे करून जुनी गादी तळापर्यंत खरवडावी, जमीन व फळ्या धुवाव्यात, आणि सर्व वाळल्यावर भिंतींना चुन्याचा हात द्यावा. बसण्याच्या दांड्या जेथे भिंतीला टेकतात त्या सांध्यांकडे विशेष लक्ष असावे. दिवसा तेथे दडून राहिलेले गोचीड आणि पिसवा रात्री बाहेर पडून पक्ष्यांचे रक्त पितात, म्हणून त्या फटींत मी कडुनिंबाचे तेल कुंचल्याने भरतो. मानमोडीची लस याच दिवसांत टोचून घ्यावी. मग कोरड्या जमिनीवर चुन्याची पातळ भुरकी, आणि तिच्यावर पहिला तीन इंचांचा थर. माझ्या खुराड्याला त्यासाठी सुमारे पंचेचाळीस किलो माल पुरतो, म्हणजे धान्याच्या मोठ्या पोत्यांनी तीन. थंडी वाढत जाईल तसतशी आणखी दोन पोती थोडीथोडी टाकून पौषापर्यंत गादी पाच इंचांवर नेतो. एकदम सारे ओतण्यापेक्षा हे बरे, कारण कोंबड्या उकरून उकरून प्रत्येक थर आपल्या शिटेशी मिसळून टाकतात आणि त्या मिश्रणात मंद ऊब धरते.

बसण्याच्या दांड्या मी गोल बांबूंऐवजी दोन इंच रुंदीच्या, कडा घासलेल्या पट्ट्यांच्या केल्या आहेत. त्यावर बसलेली कोंबडी पाय सपाट टेकून पोटाची पिसे बोटांवर ओढून घेते. प्रत्येकीस आठ-नऊ इंच जागा लागते.

गादी अंथरून काम संपत नाही. दर तिसऱ्या दिवशी, पक्षी बाहेर असताना, दाताळ्याने ती खालपर्यंत उलथावी लागते. तिची परीक्षा हातानेच होते: मूठभर गादी घट्ट आवळून हात उघडावा, गोळा तसाच राहिला तर ओल अधिक, लगेच भुरभुरून धुरळा उडाला तर अति कोरडी, आणि किंचित धरून मग आपोआप फुटला तर उत्तम. ओला भाग आढळल्यास तो फावड्याने काढून तेथे नवे तूस घालावे. वास सुटलेल्या ओल्या गादीवरच चुना मारण्याची रीत पुष्कळांकडे आहे, परंतु त्याने अमोनियाचा भपका प्रथम वाढतोच, म्हणून आधी ओला माल काढणे अगत्याचे. पाण्याचे भांडे मी खुराड्यात ठेवीतच नाही. ते बाहेर, सावलीत, आणि सकाळचे पाणी कोमट. सायंकाळी मात्र मुठीमुठीने भरडलेला मका देतो, म्हणजे रात्रभर पचनाची ऊब मिळते. विजेच्या दिव्याची तजवीज फक्त नव्या पिलांसाठी, आणि तीही पितळी साखळीने टांगलेली, कारण कोरड्या तुसावर निखळून पडलेला एक दिवा अख्खे खुराडे भस्म करण्यास पुरेसा आहे.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या पहाटे, पक्षी अजून दांडीवर असताना, कंदील किंवा बॅटरी घेऊन खुराड्यात जा, दार लावून शंभर आकडे मोजेपर्यंत आत उभे राहा, आणि पत्र्याच्या आतल्या अंगावरून तळहात फिरवा; हात ओला झाला किंवा डोळे चुरचुरले, तर सूर्य उगवण्यापूर्वी पडदा वरून खाली ओढून छपराखालची जाळी उघडी करा.